मदत हवी आहे : द्राक्षमण्यांचे दोष इंग्रजीत नेमके कसे लिहायचे?

नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमध्ये मी द्राक्षांची तपासणी बघते. थॉमसन जातीच्या द्राक्षांचा माल युरोपला जातो, अहवाल इंग्रजीत द्यावा लागतो आणि आमच्याकडे कुठल्याही दोषाला सरसकट ‘डॅमेज’ लिहितात. दोष बागेतला की वाटेतला, हे त्यातून समोरच्याला कळत नाही, आणि भाव पडतो तो बागायतदाराचा. म्हणून विचारते आहे.

तडकलेल्या मण्याला क्रॅक किंवा स्प्लिट, दबलेल्याला ब्रूझ, सडलेल्याला रॉट, देठापासून सुटलेल्याला शॅटर, उन्हाने भाजलेल्याला सनबर्न, इथपर्यंत ठीक आहे.

अडतं ते सालीवरच्या डागांपाशी. मणी लहान असताना फुलकिडे साल खरवडतात आणि मणी फुगला की तो तपकिरी व्रण पसरून दिसतो. याला स्कार लिहावं की ब्लेमिश? माझ्या समजुतीने ब्लेमिश म्हणजे दिसण्यापुरता कोणताही डाग, स्कार त्यातलाच एक प्रकार. मग रसेट कधी लिहायचं, साल खरखरीत झाली तरच का?

दुसरं, बुरशी रोखायला खोक्यात ठेवलेल्या सल्फर डायऑक्साइडच्या पॅडमुळे देठाजवळ मणी पांढुरके पडतात, तिथे नुसतं ब्लीचिंग पुरेल? आणि मऊ पडलेल्या, पण न सडलेल्या मण्याला सॉफ्ट म्हणावं का? श्रिव्हल सुरकुतलेल्या मण्यासाठी असावा असं मला वाटतं.

निर्यातीत काम केलेल्या ताई-दादांनी कृपया सांगा. तुमच्या अहवालातलं एखादं वाक्य जसंच्या तसं लिहिलंत तर फारच उपयोग होईल.