न्यू कॅलेडोनियातील कनाकांचा मताधिकार

प्रश्न: राजारामपुरीतील आमच्या अभ्यासिकेत काल यावर बराच वाद झाला. फ्रान्सच्या ताब्यातील, प्रशांत महासागरातल्या या बेटांवर नव्या रहिवाशांना प्रांतिक निवडणुकीत मत नाकारणे लोकशाहीला धरून आहे का?

उत्तर १: आहे, असे माझे ठाम मत आहे. बाहेरून माणसे आणून वसवल्यामुळे तिथले मूळ रहिवासी कनाक स्वतःच्याच भूमीत अल्पसंख्य झाले (२०१९ च्या जनगणनेत सुमारे ४१ टक्के). म्हणून १९९८ च्या, फ्रान्सशी झालेल्या स्वायत्ततेच्या नूमेआ करारानंतर ही मतदारयादी तेव्हाच्या रहिवाशांपुरती व त्यांच्या वंशजांपुरती गोठवली गेली.

उत्तर २: पण सर, नवागतांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांचे काय?

उत्तर १: त्यांचा प्रश्न खरा आहे, ताई, मात्र तो कनाकांच्या संमतीनेच सुटावा. कोरोनातील मृतांच्या शोककाळामुळे २०२१ चे स्वातंत्र्यावरचे सार्वमत पुढे ढकलण्याची त्यांची मागणी डावलली गेली, त्यांनी बहिष्कार टाकला. आणि २०२४ मध्ये यादी खुली करणारी घटनादुरुस्ती फ्रान्सने रेटताच राजधानी नूमेआ पेटले.