वेल्श, आयरिश, गेलिक: राजभाषेचा दर्जा मिळून नेमकं मिळतं काय?

कर्वेनगरकरीण

माझी भाची ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, कार्डिफला असते. तिची लेक यंदा तिथल्या वेल्श माध्यमाच्या शाळेत पहिलीला गेली. घरी मराठी, शाळेत वेल्श, खेळायला बाहेर पडली की इंग्रजी. परवा भाचीने घरपट्टीच्या पत्राचा फोटो पाठवला. सगळा मजकूर दोनदा, आधी वेल्श आणि मग इंग्रजी. रस्त्यावर डांबरावरसुद्धा 'अराफ' रंगवलेलं असतं आणि त्याच्या जोडीला 'स्लो'.

तो फोटो मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि वाद पेटला. तिथे एकूण एक माणसाला इंग्रजी येतं, मग दुप्पट कागद, दुप्पट पाट्या, भाषांतरकारांचे पगार हा खर्च कशासाठी, असं म्हणणारे निम्म्याहून जास्त निघाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरत होते. त्यांना दोन्ही गोष्टी मनापासून पटतात, आणि मला त्यांना उत्तर देता येईना.

मी शाळेत मराठीच शिकवत आले, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. २०११ साली कायद्याने वेल्शला वेल्समध्ये राजभाषा केलं. त्याच वर्षीच्या जनगणनेत १९ टक्के लोकांनी वेल्श येतं असं सांगितलं होतं. २०२१ मध्ये ते प्रमाण १७.८ टक्क्यांवर आलं, म्हणजे साधारण ५ लाख ३८ हजार माणसं. २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषक करायचं तिथल्या सरकारने ठरवलं आहे. दर्जा मिळाला आणि आकडा खाली आला, तर मग दर्जाने साधलं काय? जाणकारांनी सांगावं. भावनेचं उत्तर नको, ते माझ्याजवळ आहे.

नळस्टॉप

ताई, आयर्लंड बघा, तुमच्या शंकेला तिथे पुरावाच मिळेल. १९३७ च्या घटनेच्या आठव्या कलमात आयरिश ही पहिली राजभाषा आणि इंग्रजी दुसरी. यापेक्षा वरचा मान कुठला द्यायचा? २००७ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. आणि २०२२ ची जनगणना काय सांगते? आयरिश येतं म्हणणारे १८ लाख ७४ हजारांच्या घरात, पण शिक्षणाबाहेर रोज बोलणारे ७२ हजारसुद्धा नाहीत. शाळेत ती सगळ्यांना शिकवतात, तरीही.

गेल्टाख्त म्हणजे जिथे आयरिश अजून घराघरांत बोलतात तो भाग, बराचसा पश्चिम किनाऱ्याकडचा. तिथल्या पोरांना गावात राहायला घर मिळत नाही, काम मिळत नाही, ती शहर गाठतात. पैसा तिथे घालावा. घटनेतल्या कलमाने कुणी पोटच्या पोराशी आयरिशमध्ये बोलायला लागत नाही.

निवृत्त स्टेनो

नळस्टॉप, तुमचे आकडे बरोबर आहेत. पण किती जण बोलतात एवढ्यावरून दर्जाची किंमत ठरत नाही. सरकारी खिडकीच्या आत बसलेल्या माणसावर काही बंधन येतं की नाही, यावर ती ठरते. ताईंनी घरपट्टीच्या पत्राचा उल्लेख केला म्हणून त्या पत्राचाच इतिहास सांगतो.

१९५२ ची गोष्ट. दक्षिण वेल्समध्ये लानेलीजवळ लानगेनेख गावात ट्रेव्हर आणि आयलीन बीझली हे जोडपं राहायचं. तो कोळशाच्या खाणीत कामाला. कौन्सिलकडून घरपट्टीची मागणी आली ती फक्त इंग्रजीत. त्या भागात बहुतेकांची बोली वेल्शच. यांनी कळवलं, वेल्शमध्ये कागद द्या, लगेच भरतो. कौन्सिलने नकार दिला. मग समन्स, तारखा, जप्ती. डझनाहून जास्त वेळा त्यांना कोर्टात उभं केलं. बेलिफ यायचे आणि सामान उचलून न्यायचे. टेबल-खुर्च्या गेल्या, पियानोसुद्धा गेला. घरात लहान मुलं होती. शेवटी १९६० मध्ये कौन्सिलने दोन्ही भाषांत कागद छापला.

मी कोर्टात नोकरी केली, जप्तीच्या याद्या टाइप केल्या आहेत. टेबलफॅन एक, लोखंडी कपाट एक, स्टीलचे डबे. त्या यादीतली वस्तू परत मिळवणं गरिबाला किती जड जातं हे मी खिडकीवर बसून बघितलं आहे. या दोघांनी ते आठ वर्षं सोसलं, आणि तेही एका छापील कागदासाठी. कागदाला किंमत नसती तर कौन्सिलने तरी एवढी वर्षं कशाला नाही म्हटलं असतं?

पुढे १९६२ मध्ये वेल्श लेखक सॉन्डर्स लुइस यांनी बीबीसी रेडिओवरच्या भाषणात याच जोडप्याचा दाखला दिला. त्याच वर्षी वेल्श भाषेसाठी लढणारी संघटना उभी राहिली. पोरांनी इंग्रजी पाट्यांना रंग फासला, तुरुंगात गेली. १९६७ च्या कायद्याने कोर्टात वेल्श बोलायचा हक्क मिळाला. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक कामात दोन्ही भाषांना समान वागणूक हे तत्त्व आलं. आणि २०११ मध्ये भाषा आयुक्त नेमायची तरतूद झाली. सरकारी संस्थेने नियम मोडला तर तो चौकशी करतो, ५००० पौंडांपर्यंत दंड लावू शकतो. उलट्या बाजूने बघा: १५३६ च्या कायद्याने वेल्समधल्या कोर्टाची भाषा इंग्रजी केली होती आणि फक्त वेल्श बोलणाऱ्याला सरकारी पद नाकारलं होतं. भाषेला खिडकीबाहेर काढलं ते कायद्यानेच. मग परत आत आणायला कायदा लागणारच.

आपल्याकडचं एक सांगतो. बांधाच्या वादात एका आजींची साक्ष चालू होती. पूर्वी साहेब इंग्रजीत सांगायचे, आम्ही टाइप करायचो, साक्षीदार खाली अंगठा द्यायचा. काय लिहिलंय हे त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. १९९८ च्या अधिसूचनेनंतर खालच्या कोर्टांची भाषा मराठी झाली. त्या आजींना साक्ष मराठीत वाचून दाखवली तशा त्या ताडकन म्हणाल्या, "झाड बांधाच्या अलीकडं म्हनले मी, पलीकडं न्हाई." साहेबांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. सगळा दावा त्या झाडावर होता.

आजींमुळे मराठी बोलणारा एकही माणूस वाढला नाही. जनगणनेत हे कुठे दिसणार?

इन्व्हरनेस रिटर्न

मी कंपनीच्या कामानिमित्त स्कॉटलंडमध्ये होतो, सध्या हिंजवडीत. गेलिक ही तिथली जुनी भाषा. तिचं चित्र दोन्ही बाजूंनी बोलतं, म्हणून थोडक्यात लिहितो. २००५ च्या कायद्याने गेलिकसाठी मंडळ आलं, सरकारी संस्थांना गेलिक आराखडे करायला लागले. ग्लासगोत २००६ पासून पूर्ण गेलिक माध्यमाची शाळा आहे. गेलिक बोलणारे २०११ मध्ये साधारण साडेसत्तावन्न हजार होते, २०२२ मध्ये ते ६९ हजारांच्या पुढे गेले. पण ज्या पश्चिमेकडच्या बेटांवर ती पिढ्यान्‌पिढ्या घरात बोलली गेली, तिथे बोलणारे निम्म्याच्या खाली आले. शहरातल्या शाळेत वाढते आणि बेटावरच्या स्वयंपाकघरात आटते.

२०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने गेलिक आणि स्कॉट्स (इंग्रजीच्या जवळची तिथली दुसरी भाषा) दोन्हींना राजभाषेचा दर्जा देणारा कायदा केला. त्यात भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रदेश वेगळा ठरवायची सोय आहे. नळस्टॉप म्हणतात तो पैसा गावात पोचवायला असं कलम लागतं, असं मला वाटतं. तुम्ही दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलताय असं मला दिसत नाही.

पर्लकोटा

मी भामरागडचा. एमपीएससीसाठी पुण्यात आलो, नारायण पेठेत अभ्यासिका लावली आहे. आमची भाषा माडिया, गोंडीतलीच. हा धागा वाचून राहवलं नाही.

वेल्श बोलणारे ५ लाख ३८ हजार, त्यांच्यासाठी आयुक्त आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर आहेत, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा राज्यांत विखुरलेले. घटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, त्यांत गोंडी नाही. भिली एक कोटीच्या वर, तीही नाही. २००३ च्या दुरुस्तीत संथाली आणि बोडो आत गेल्या तेव्हा आम्ही बाहेरच राहिलो.

ग्रुपवरचं म्हणणं, "सगळ्यांना इंग्रजी येतं", ते आम्हाला मराठीबद्दल ऐकवतात. "मराठी तर येते ना तुम्हाला?" मला येते. माझ्या आईला बाजारापुरती येते.

मागच्या पावसाळ्यानंतर आईला ऑपरेशनसाठी पुण्यात आणलं. मोठं रुग्णालय, माणसं चांगली, उपचार चांगला झाला. सकाळी सिस्टर संमतीपत्र घेऊन आल्या, एका बाजूला इंग्रजी, मागे मराठी. भूल दिल्यावर काय होऊ शकतं, रक्त द्यावं लागलं तर चालेल का, गाठ मोठी निघाली तर आणखी काय काढावं लागेल. सिस्टर म्हणाल्या, तुम्हीच समजावून सांगा आणि इथे अंगठा घ्या. आईला तिच्याच शरीराबद्दल मुलाने काय काय सांगायचं? काही गोष्टी मी गाळल्या. माडियात त्या मला सांगता येत होत्या, पण मुलगा म्हणून सांगवल्या नाहीत. तिने माझ्या तोंडाकडे बघत अंगठा दिला. तिथे एखादी माडिया बोलणारी बाई पगारावर बसवायला कुणी बांधील असतं, तर आईने तिला चार प्रश्न विचारले असते.

मला सन्मान, दिन, शोभायात्रा यांतलं काही नको. घटनेचं कलम ३४५ सांगतं की राज्याचं विधिमंडळ राज्यात वापरात असलेली एक किंवा अधिक भाषा सरकारी कामासाठी स्वीकारू शकतं. त्याला आठव्या अनुसूचीची वाट बघावी लागत नाही. त्रिपुराने १९७९ मध्ये कोकबोरोकला राजभाषा केलं, ती आजही अनुसूचीत नाही. झारखंडने मुंडारी, हो, कुडुख यांना दुसऱ्या राजभाषेचा दर्जा दिला. गोव्यात १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली तेव्हा मराठीही सरकारी कामात वापरता येईल अशी सोय ठेवली. तिथे मराठी माणसाने जे मागितलं तेच मी इथे मागतो आहे. प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवायची पुरेशी सोय व्हावी म्हणून कलम ३५० अ आहेच. आमच्या आश्रमशाळेत पहिलीच्या पोराला गुरुजी काय म्हणतात ते दिवाळीपर्यंत कळत नाही.

ताई, मराठीसाठी तुम्ही जे करता त्याच्या मी विरोधात नाही. मुख्य परीक्षेत मराठीचाही पेपर असतो, त्याचीच तयारी करतोय.

नळस्टॉप

पर्लकोटा, आईची तब्येत आता कशी आहे? मी आयर्लंडचे आकडे दिले ते तसेच राहतात, पण तुमच्या आईसाठी बोलणारी बाई हवी याला माझा पूर्ण पाठिंबा. खर्चाचा मुद्दा इथे टिकत नाही.

पर्लकोटा

बरी आहे. गावी गेली, धान कापणीला मदतही केली म्हणे.

कर्वेनगरकरीण

सगळ्यांचे आभार. काल भाचीला फोन केला. ती तिथे फिजिओथेरपिस्ट आहे, वॉर्डात वयस्कर मंडळी जास्त. ती म्हणाली, स्मृतिभ्रंश झालेल्यांचं नंतर शिकलेलं इंग्रजी आधी जातं आणि लहानपणीची वेल्श तेवढी उरते, असं ती नेहमी बघते. २०१२ पासून तिथल्या आरोग्यसेवेत धोरण आहे की रुग्णाने मागण्याची वाट न बघता आपणहून विचारायचं, वेल्शमध्ये बोलू का? वेल्श येणारे कर्मचारी गळ्याभोवती नारिंगी खूण लावतात. आजोबांना ती खूण लांबूनच ओळखू येते.

ग्रुपवर मी ही माहिती आणि त्या आजींच्या बांधाची हकीकत टाकणार आहे. पर्लकोटा, तुमच्या आईचा प्रसंग मात्र तुम्ही हो म्हणाल तरच, आणि गावाचं नाव न घेता.

दुसरं म्हणजे स्टेनोकाकांना विनंती. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यातच, क्वीन्स गार्डनजवळ आहे. तिथे आणि आरोग्य खात्याला एक निवेदन द्यावं असं मनात आहे: गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटातून जे रुग्ण पुण्याच्या सरकारी रुग्णालयांत येतात, त्यांच्यासाठी माडिया, भिली, कोरकू बोलणारे दुभाषे पगारावर नेमावेत आणि संमतीपत्र त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नये. मसुदा तुम्ही कराल का?

निवृत्त स्टेनो

करतो. रविवारपर्यंत इथेच टाकतो. पर्लकोटा, संमतीपत्रातले जे मुद्दे तुम्हाला आईला सांगता आले नाहीत, ते सांगायला बाईच दुभाषी हवी हे मी वेगळ्या कलमात घालतो आहे. आणखी काही हवं असेल तर शनिवारच्या आत कळवा.