हरिप्रियाच्या डब्यासाठी आंबट भात

वहिनी: आत्या, शुक्रवारी कोल्हापूरहून हरिप्रिया एक्सप्रेसनं तिरुपतीला निघतोय, सहाजण. आईंना तुमच्यासारखा चिंचेचा भात न्यायचाय. रात्रीपर्यंत टिकेल ना?

आत्या (म्हैसूर): टिकतो की! पुळियोगरे प्रवासाचंच खाणं. भरपूर चिंच, मीठ, तेल आणि ओला नारळ अजिबात नाही. पण फोडणीच्या भातावर नुसता कोळ ओतू नकोस गं. आधी गोज्जू कर, तोही गुरुवारीच.

दादा: गोज्जू म्हणजे?

आत्या: आटवलेला कोळ. ३ वाट्या तांदळाला दोन लिंबांएवढी चिंच भिजव. अर्धी वाटी तिळाचं तेल घे, दुसरं नको, अर्धी चव त्यातच आहे. मोहरी, हरभऱ्याची डाळ, उडीदडाळ, सुक्या मिरच्या, हिंग, कढीपत्ता. मग कोळ, हळद, मीठ, गुळाचा खडा. मंद गॅसवर आटू दे. धणे, मिरच्या, काळे तीळ आणि अर्धा चमचा मेथ्या भाजून पूड कर, ती शेवटी. मेथ्या करपल्या तर सगळं कडू होतं, लक्ष ठेव.

आई: वन्सं, मेलुकोट्याला द्रोणात खाल्लेला भात अजून जिभेवर आहे माझ्या.

आत्या: हो वहिनी! चेलुवनारायणाच्या देवळामुळं ते गाव पुळियोगऱ्यासाठीच ओळखलं जातं. मला शेजारच्या अय्यंगार आजींनी शिकवलं. त्यांच्याकडं कांदा-लसूण घरातच येत नाही.

दादा: तिरुपतीला प्रसादात असतो तोच का हा?

आत्या: त्याच घरातला. तेलुगूत पुलिहोरा, तमिळमध्ये पुळियोदरै. पुळि म्हणजे चिंच. आमच्याकडं गूळ, तीळ, सुकं खोबरं जास्त.

वहिनी: आणि भात?

आत्या: मोकळा शिजव, परातीत पसर, वर चमचाभर तेल. पूर्ण गार झाल्यावरच गोज्जू कालव, हातानं, शितं मोडू न देता. गरम भात डब्यात भरलास तर वाफेनं आंबेल. शेंगदाणे तळून वेगळ्या पुडीत ने, नाहीतर मऊ पडतात.

(गुरुवार, रात्री ९)

वहिनी: आत्या, फोटो बघा. झाला का?

आत्या: नाही अजून. कडेला पाणी दिसतंय. उलथन्यानं मधे रेघ ओढ, लगेच मिटली तर कच्चा आहे.

वहिनी: आता? रेघ राहतेय, कडेनं तेल सुटलंय. घरभर वास सुटलाय.

आत्या: बास, गॅस बंद कर. आणि चमचाभर गोज्जू बरणीत मागं ठेव. परत आल्यावर दादाला गरम भाताबरोबर लागेल.