क्वाड 33 ला आजचा टर्नटेबल: आतली फोनो पाटी ठेवावी की काढावी?

तबकडीवेडा: काकांचा क्वाड 33 प्रीअँप (पॉवर अँपच्या आधी लागणारा, इनपुट निवडणारा आणि आवाज कमी-जास्त करणारा डबा) माझ्याकडे आला. 1967 सालचं इंग्लिश डिझाइन, त्यामुळे मागे सगळी डिन सॉकेटं (गोल, अनेक पिनांची). माझ्या टर्नटेबलची वायर आरसीएची, म्हणजे आजच्या नेहमीच्या एका पिनेच्या प्लगची. एका मेकॅनिकने सांगितलं, ‘आतलं फोनो सर्किट (सुईकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणारं) सोडा, बाहेरून नवं लावा.’ मला अजिबात पटलं नाही. सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला, डिन-आरसीए वायर करून घ्या, पुरे. मागे खोचलेली ती चिमुकली डिस्क-पाटी, म्हणजे हीच फोनो पाटी, पिकअपनुसार (सुईच्या कार्ट्रिजनुसार) फिरवून बसवता येते, इतका विचार तेव्हा केलेला आहे. ती काढली तर उरलं काय?

डागणी: असहमत. जुन्या ट्रान्झिस्टरची ‘सूंऽऽ’ गाण्यातल्या शांत जागी ऐकू येते, बाहेरून लावायच्या नव्या फोनो स्टेजला ती जवळपास नसते. शिवाय 33 चं आउटपुट अर्ध्या व्होल्टचं, क्वाडच्याच 303 पॉवर अँपसाठी (स्पीकर चालवणारा तो). आजच्या बऱ्याच पॉवर अँपना एक-दोन व्होल्ट लागतात. बदल करावेच लागणार, मग मागची पट्टी कापून आरसीएही बसवा.

तबकडीवेडा: हिशोब करून बघा. बाहेरची फोनो स्टेज सिग्नल 40 डेसिबलने वाढवते धरा, म्हणजे शंभरपट. कार्ट्रिजचे 5 मिलिव्होल्ट झाले 500, आणि ते जिथे द्यायचे ते 33 चं रेडिओ इनपुट 100 मिलिव्होल्टचं. व्हॉल्यूम जरा सरकवला की घर दणाणणार, आणि इतक्या कमी व्हॉल्यूमवर जुन्या पॉटचे (व्हॉल्यूमच्या नॉबमागचा भाग) डावे-उजवे चॅनल सारखे चालत नाहीत.

डागणी: दोन रेझिस्टर प्लगमध्येच बसतात, पातळी खाली येते.

कॉइलवाला: माझं कार्ट्रिज मूव्हिंग कॉइल, म्हणजे फारच बारीक सिग्नल देणारं, 0.4 मिलिव्होल्टचं. 1:10 चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावला की 4 मिळतात, मूळ पाटी मजेत चालते. आणि टर्नटेबलमागचा फोनो-लाइन खटका (लाइनवर टर्नटेबलमधलंच फोनो सर्किट चालू होतं) आधी बघा! लाइनवर ठेवून फोनो इनपुटला दिलं तर आरआयएए (रेकॉर्ड कापताना कमी केलेला बास आणि वाढवलेले वरचे सूर परत सरळ करणारी दुरुस्ती) दोनदा लागतं: बास फुगतो, वरचे सूर बुजतात, आवाज फाटतो.

तबकडीवेडा: खटका फोनोवरच आहे. काल झिजलेली नाट्यगीतांची रेकॉर्ड लावली, 7 किलोहर्ट्झचं फिल्टर-बटण (त्यावरचे सूर कापणारं) दाबून स्लोपची, म्हणजे कपात किती तीव्र ते ठरवणारी, नॉब हळूहळू फिरवली. खरखर मागे सरली, ऑर्गन जागच्या जागी राहिला.

डागणी: ते फिल्टर सगळ्याच इनपुटवर चालतात, त्याचं श्रेय डिस्क-पाटीला कसं?

तबकडीवेडा: हे मान्य. तुमचा रेझिस्टरवाला प्लगही करून ऐकतो, तो केव्हाही काढता येतो. मागची पट्टी मात्र कापू देणार नाही.