कुंडीत घातलेलं पाणी दहा सेकंदांत ताटलीत, आणि झाड तरी मलूल. माती बदलावी का?

पश्चिमगॅलरी:
गॅलरी १० बाय ४ फूट, पश्चिमेकडची. ऊन दुपारी १ ते साडेपाच. १२ इंची प्लॅस्टिकच्या ९ कुंड्या आहेत: २ टोमॅटो, ३ मिरच्या, २ जास्वंद, १ पुदिना, १ पालक. तळाला दोन इंच खडी, वर साधी माती आणि शेणखत निम्मं निम्मं. भरून दीड वर्ष झालं.

आता झारीनं पाणी घातलं की दहा सेकंदांत ताटली भरते. वरून माती ओली दिसते, पण दुपारी पानं लोंबतात. म्हणून रोज दोनदा पाणी देतोय. टोमॅटोची खालची पानं पिवळी पडायला लागली आहेत. माती अख्खी बदलावी लागेल की वरून काही मिसळून भागेल? आणि एवढ्या कुंड्यांचं वजन गॅलरीला जड तर नाही ना?

मुळंआधी:
तुमचं पाणी मातीतून जातच नाहीये. चिकण अंश असलेली माती एकदा पूर्ण वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. बोटाच्या नखाएवढी फट पुरते, सगळं पाणी तिथून सरळ खाली. मधला गड्डा ठक्क कोरडा राहतो. खात्री करायची तर पाणी घातल्यावर तासाभरानं खुरपी मधोमध ५-६ इंच खोल खुपसून बघा, टोकाला कोरडी पूड येईल.

आजच्या आज करायचं ते असं. टबात कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरा आणि कुंडी त्यात ठेवा. बुडबुडे येत राहतील. ते थांबले आणि वरची माती आपोआप काळपट ओली झाली की बाहेर काढा. अर्धा-पाऊण तास लागतो. मग पूर्ण निथळू द्या. रात्रभर टबात ठेवू नका, मुळं गुदमरतात.

खालची, म्हणजे जुनी पानं आधी पिवळी पडणं हे नत्र कमी पडल्याचं लक्षण. दीड वर्षात खत संपलंय, आणि दिवसातून दोनदा पाणी घालून उरलंसुरलं तुम्हीच धुऊन काढताय. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर बहुतेक वेळा लोहाची कमतरता. त्यावर नत्र देऊन उपयोग नाही.

हलकीमाती:
वरून मिसळून भागणार नाही, भरण बदलाच. १२ इंची कुंडीत साधारण १४ लिटर माती मावते, म्हणजे ९ कुंड्यांना १२६ लिटर. प्रमाण: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ४ भाग, गांडूळखत ३, परलाईट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) २, तुमची जुनी माती चाळून १. लिटरमध्ये अंदाजे ५०, ३८, २५ आणि १३. कोकोपीटची ५ किलोची एक वीट भिजवून ६० लिटरच्या वर भरते, म्हणजे एकच पुरे. भिजवायला २०-२५ लिटर पाणी लागेल.

कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका. त्यात क्षार असतात आणि कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. भिजवा, पिळा, पाणी फेका, असं तीनदा. पहिलं पाणी चहासारखं निघतं, तिसरं बरंच फिकट.

परलाईट नसेल तर जाड वाळू चालेल, पण २ ते ४ मिलिमीटरच्या दाण्याची. बारीक वाळू पोकळ्या भरून काढते आणि भरण आणखी घट्ट होतं.

मिश्रण जमलं का, हे मुठीत कळतं. ओलं मिश्रण दाबलं की लाडू व्हावा, एखाददुसरा थेंब गळावा आणि बोटानं टोचल्यावर लाडू फुटावा. धार लागली तर पाणी जास्त, लाडूच होत नसेल तर कमी.

वजनाचं म्हणाल तर ओली माती भरलेली तुमची कुंडी २५ किलोच्या आसपास जाते. हे मिश्रण भरलं तर १३-१४ किलो. कुंड्या कठड्याला टांगू नका, खोलीच्या भिंतीलगत मांडा. बाहेर झुकलेल्या गॅलरीत भार जितका टोकाला, तितका ताण जास्त.

तळ_मोकळा:
वरचं सगळं पटलं. फक्त खडी कुणीच काढायला सांगितली नाही! पाण्याचा निचरा व्हावा म्हणून लोक खडी घालतात आणि होतं उलटंच. बारीक कणांतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही, सीमेवरच थांबतं. कुंडीच्या तळाशी एरवीही एक चिंब थर असतोच. खडीमुळे तो दोन इंच वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते.

भांडी घासायचा स्पंज चिंब भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. म्हणून उथळ ट्रेमध्ये माती जास्त वेळ चिंब राहते. भोकावर जाळीचा तुकडा टाका, बस्स.

पालक त्या उन्हात टिकणार नाही, लवकर फुलावर येईल. मिरचीच्या सावलीत सरकवा. ताटलीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका, आठवडाभर साचलं तर डास होतात.

पश्चिमगॅलरी:
आभार. दोन शंका. टोमॅटोला फुलं आहेत, आता हात लावू का? आणि पुढे चार दिवस घर बंद असणार आहे.

मुळंआधी:
फुलांवरच्या झाडाची मुळं हलवलीत तर फुलं गळतील. टोमॅटोला सध्या टबाचा उपाय करा, फट बोटानं दाबून मिश्रणानं बुजवा, वर दोन मुठी गांडूळखत आणि दोन इंच पाचोळा. हंगाम संपला की बदला. मिरच्या आणि जास्वंद आधी घ्या, रोज दोनच कुंड्या, ऊन उतरल्यावर. गड्ड्याभोवती गोल फिरलेली मुळं दिसली तर बाहेरचा इंचभर थर कात्रीनं काढा. नवं भरण आठवडाभरात खचतं, तेव्हा दोन बोटं भर टाकावी लागेल.

चार दिवसांसाठी वात लावा. टोमॅटोला कडक उन्हात दिवसाला दीड-दोन लिटर पाणी लागतं, म्हणून एका कुंडीला १० लिटरची बादली, झाकण घालून. नायलॉनच्या जाड दोरीच्या दोन वाती घ्या, सुती नको, कुजते. दोरी आधी भिजवा. एक टोक बादलीच्या तळाला, दुसरं मातीत ४ इंच खोल. पाण्याची पातळी आणि माती यांत वीतभरापेक्षा जास्त चढ नको, त्यामुळे बादली विटांवर ठेवा. पण पाण्याची पातळी मातीच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर कुंडी भरून वाहील. टबात भिजवलेल्या कुंडीलाच वात लावायची, कोरड्या गड्ड्यात ती पाणी ओढत नाही. आणि निघायच्या दोन दिवस आधी लावून बादली किती उतरते ते मोजा.