धर्मशिक्षण देणाऱ्या पाठशाळेत मुलांना मारण्याची सूट कायद्याने दिली आहे का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

माझा अकरा वर्षांचा भाचा गेले दीड वर्ष एका निवासी वेदपाठशाळेत शिकत आहे. मुंज झाल्यावर तो स्वतःच्या हौसेने तिथे गेला. त्याचा आवाज चांगला आहे, पाठांतर पक्के आहे आणि ऋचा म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो खोटा नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला, तेव्हा अभ्यंगस्नानाला तेल लावताना माझ्या बहिणीला त्याच्या दोन्ही पोटऱ्यांवर वळ दिसले. एकाच ऋचेतला अनुदात्त (खालचा स्वर) तीन वेळा चुकला म्हणून छडी बसली, एवढेच त्याने सांगितले आणि विषय बदलला.

माझे भावोजी त्याच परंपरेत वाढलेले आहेत. गुरूने शिष्याला केलेले ताडन ही मारहाण नसून संस्काराचाच भाग आहे, शिक्षण हक्क कायद्यातून वेदपाठशाळा वगळलेल्या आहेत आणि धर्मस्वातंत्र्य घटनेनेच दिलेले असल्यामुळे बाहेरच्या कोणालाही यात बोलता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ते निर्दयी गृहस्थ नाहीत, मुलावर त्यांचा जीव आहे, म्हणूनच त्यांना काय उत्तर द्यावे हे मला कळत नाही. मला पाठशाळा बंद पाडायची नाही किंवा मुलाचे अध्ययनही मोडायचे नाही. कायद्याने अशी सूट खरोखर आहे का आणि धर्म खरोखर हे मागतो का, एवढेच मला नीट समजून घ्यायचे आहे. दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

न्यायविचार

तुमच्या भावोजींचे विधान अर्धे बरोबर आहे, आणि अशा वादात अर्धे बरोबर विधानच अधिक घोटाळा करते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि प्रामुख्याने धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था या अधिनियमातून वगळल्या गेल्या. पुढे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘प्रमती’ प्रकरणात अल्पसंख्याकांच्या सर्व शाळा, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या कायद्याबाहेर ठेवल्या. त्या निर्णयाच्या अचूकपणाविषयी १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा असे म्हटले. ज्या खटल्यांमध्ये हे घडले त्यांतला एक महाराष्ट्रातला होता. भावोजींना जी सूट दिसते ती इथपर्यंत खरी आहे.

परंतु ही सूट एका अधिनियमापुरती आहे. मुलाच्या अंगावर वळ उठवण्याची परवानगी तिच्यातून निघत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७५ असे आहे की, ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात किंवा नियंत्रणाखाली मूल आहे त्याने त्याला अनावश्यक शारीरिक वा मानसिक यातना होतील अशा रीतीने मारहाण केली, तर तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुलाची देखभाल व संरक्षण ज्या संस्थेकडे सोपवले आहे, तिच्या चालकाने किंवा कर्मचाऱ्याने हे केले असेल तर सश्रम कारावासाची मर्यादा पाच वर्षांपर्यंत जाते. या कलमात संस्थेचा धर्म विचारलेला नाही. त्याशिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ मधील इच्छापूर्वक दुखापतीचा गुन्हा आहेच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच संहितेच्या कलम २७ नुसार बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने आणि सद्‍भावनेने केलेल्या कृत्याला काही मर्यादेत संरक्षण मिळते, आणि सौम्य शिक्षेच्या प्रकरणांत काही उच्च न्यायालयांनी शिक्षकांना त्याचा लाभ दिलेला आहे. म्हणून प्रत्येक खटल्याचा निकाल एकच लागेल असे मी म्हणणार नाही. मात्र स्वर चुकल्याबद्दल वळ उठेपर्यंत मारणे हे ‘हितासाठी’ होते, असे न्यायालयाला पटवून देणे मला तरी कठीण दिसते.

धर्मस्वातंत्र्याविषयी एकच मुद्दा मांडतो. घटनेचे अनुच्छेद २५ त्याच्या पहिल्याच शब्दांत सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि ‘या भागातील इतर तरतुदी’ यांच्या अधीन आहे, आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ त्याच भागात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २००० रोजी तेथील शाळा नियमावलीतला छडीची मुभा देणारा नियम अनुच्छेद १४ आणि २१ यांच्याच आधारे रद्द केला होता. तेव्हा शिक्षण हक्क कायदा अस्तित्वातही नव्हता.

संथा

मी स्वतः पाठशाळेत नऊ वर्षे काढली आहेत आणि आज जे काही आहे ते गुरुजींमुळे आहे. वेदाध्ययनात एक स्वर बदलला तर अर्थ बदलतो. संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा पठणपद्धतींचा जो पाठ हजारो वर्षे लिहून न ठेवता टिकला, तो कडक शिस्तीवर टिकला. आमचे गुरुजी पहाटे आमच्या आधी उठत, तापात आमच्या उशाशी बसत आणि कधी छडीही मारत. छडीचा फोटो काढून दाखवता येतो, पण उशाशी बसलेल्या गुरुजींचा कोणी काढत नाही. बाहेरच्या माणसांनी एका वळावरून सगळ्या परंपरेचे मोजमाप करावे, याचे मला दुःख होते. कायदा मला मान्य आहे, परंतु ‘ताडन’ आणि ‘मारहाण’ यांत शास्त्राने भेद केला आहे, तो तुम्ही पुसून टाकू नये.

खडूफळा

‘संथा’ यांच्या मनातली गुरुजींविषयीची कृतज्ञता मला पूर्ण समजते आणि मी तिचा आदर करते. मी चौतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. शास्त्राने भेद केला आहे, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून तो भेद नेमका कोठे केला आहे, हेच आपण पाहू.

गौतम धर्मसूत्रात शिष्याला शासन ‘अवधेन’, म्हणजे न मारता करावे, हा मूळ नियम आहे. ते शक्यच नसेल तर बारीक दोरीने किंवा वेळूच्या पातळ कांबीने करावे, असा अपवाद लगेच पुढे येतो. त्यानंतरचे सूत्र मात्र आपल्याकडे कोणी सांगत नाही. याहून वेगळ्या साधनाने मारणाऱ्या गुरूला राजाने शिक्षा करावी, असे ते सूत्र आहे. म्हणजे गुरू आणि शिष्य यांच्यामध्ये बाहेरच्या कोणी पडू नये, ही कल्पना त्या सूत्रकाराचीच नव्हती. त्याने गुरूला राजदंडाखाली ठेवले होते. आज राजाच्या जागी कायदा आहे आणि त्याने मर्यादा कांबीच्याही अलीकडे आणली आहे, एवढाच फरक झाला.

मनुस्मृतीत दोन्ही गोष्टी सापडतात. चौथ्या अध्यायात पुत्र आणि शिष्य यांना शिकवण्यासाठी मारण्याची मुभा आहे. दुसऱ्या अध्यायात, जिथे अध्यापनाचाच विषय चालू आहे तिथे, प्राण्यांना हिताचे अनुशासन अहिंसेनेच करावे आणि धर्माची इच्छा असणाऱ्याने मधुर व मृदू वाणी वापरावी, असे सांगितले आहे. आठव्या अध्यायात दोरीने किंवा कांबीने, पाठीवरच, डोक्यावर कधीही नाही, असे मारण्याचे नियम येतात आणि ज्यांना मारायचे त्यांच्या यादीत पत्नी, पुत्र, दास, नोकर आणि धाकटा भाऊ हे सगळे एका ओळीत बसवलेले आहेत. त्या ओळीतून पत्नीला आपण बाहेर काढले, दासाला काढले, नोकरालाही काढले, आणि तसे करताना धर्म बुडाला असे आज कोणी म्हणत नाही. मग एकट्या मुलालाच त्या ओळीत उभे ठेवण्याचा आग्रह शास्त्राचा आहे की आपला, हे ‘संथा’ यांनी शांतपणे पाहावे, अशी माझी विनंती आहे.

शुक्ल यजुर्वेदाच्या पाठात स्वर हाताच्या हालचालीने दाखवतात, हे ‘संथा’ यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. ज्या परंपरेने स्वर चुकू नये म्हणून विद्यार्थ्याच्या हाताला इतके सूक्ष्म वळण दिले आणि एकच मंत्र अनेक पाठांतून घोटून चुकीला जागाच ठेवली नाही, तिच्याकडे छडीपेक्षा फार श्रेष्ठ साधने आधीपासून आहेत. वेद टिकला तो या पाठपद्धतीमुळे, असे मला वाटते.

मी स्वतः नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मुलांच्या हातांवर पट्टी मारली आहे. रूपे पाठ नसलेल्या एका मुलीला मी मारले, तेव्हा तिने हात मागे घेतला नाही, नुसते माझ्याकडे पाहिले. त्यानंतर वर्षभर ती माझ्या तासाला एकही प्रश्न विचारायला उठली नाही. रूपे तिला पाठ झाली, पण संस्कृत तिने पुढच्याच वर्षी सोडले. मी तिची क्षमा मागायला हवी होती आणि ती मागितली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

वसईकर

हा प्रश्न एका धर्माचा नाही, हे सांगण्यासाठी लिहितो. आमच्या बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकात छडी आवरणारा बाप आपल्या मुलाचा वैरी होय, अशा अर्थाचे वचन आहे, आणि वसईत आमच्या आजोबांच्या पिढीतल्या प्रत्येकाने ते घरीही ऐकले आणि शाळेतही. याच वचनाच्या आधारे दोन देशांतील ख्रिस्ती शाळा थेट सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेल्या होत्या.

दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या शाळा कायद्याच्या कलम १० ने शारीरिक शिक्षा बंद केली. तेव्हा १९६ खासगी ख्रिस्ती शाळांच्या संघटनेने, ज्यांत सुमारे १४,५०० मुले शिकत होती, आम्हाला श्रद्धेच्या आधारावर सूट द्या, आईवडिलांची संमती आहे, अशी मागणी केली. भावोजींचा युक्तिवाद जवळपास हाच आहे. तेथील घटना न्यायालयाने १८ ऑगस्ट २००० रोजी ती मागणी एकमताने फेटाळली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अॅल्बी सॅक्स यांनी त्या पालकांच्या श्रद्धेला कोठेही कमी लेखले नाही. मुलांना आपल्या धर्माप्रमाणे वाढवण्याचा पालकांचा अधिकार कायद्याने काढून घेतलेला नाही, फक्त आपल्या वतीने शिक्षकाला मारण्याचा अधिकार देण्याची वाट बंद केली आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

इंग्लंडमध्येही चार ख्रिस्ती शाळांचे शिक्षक व पालक अशाच मागणीने हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेले. त्यांच्या पद्धतीत मुलाला मारल्यावर शिक्षक त्याला जवळ घेऊन धीर देत आणि प्रार्थनेला प्रवृत्त करत. हे वाचताना मला ‘संथा’ यांच्या उशाशी बसणाऱ्या गुरुजींची आठवण झाली. ती माया खोटी होती असे न्यायाधीशांनीही म्हटले नाही. २४ फेब्रुवारी २००५ च्या निकालात त्यांनी ती श्रद्धा प्रामाणिक असल्याचे आणि तिला कायद्याचे संरक्षण लागू होत असल्याचे मान्य केले, आणि तरीही मुलांच्या संरक्षणासाठी घातलेली बंदी योग्य ठरवली.

दोन्ही निकालांत एक गोष्ट समान आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सॅक्स यांनी मुलांची बाजू मांडण्यासाठी कोणाचीही नेमणूक झाली नाही, याची खंत नोंदवली, आणि लंडनमध्ये न्यायाधीश बॅरोनेस हेल यांनीही हा खटला मुलांविषयीचा असूनही मुलांच्या वतीने बोलणारे कोणत्याच न्यायालयात कोणी नव्हते, हे स्पष्टपणे लिहिले. पालक होते, शिक्षक होते, सरकार होते. या धाग्यावरही आपण सगळे मोठेच बोलत आहोत.

वचनाविषयी एवढेच की, मूळ हिब्रूत तिथे जो ‘शेवेत’ शब्द आहे, तोच स्तोत्र २३ मध्ये मेंढपाळाच्या काठीसाठी येतो आणि तिथे ती काठी धीर देणारी आहे. कोणता अर्थ घ्यायचा यावर आमच्यात मतभेद आहेत, पण शब्द एकच आहे.

सावित्रीखोरे

आमच्या महाडकडच्या मदरशांतही हाच वाद घरोघरी होतो. मुलाला सातव्या वर्षी नमाज शिकवा आणि दहाव्या वर्षी त्यासाठी मारा, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचे परंपरेने आलेले वचन, पुढे केली जाते. त्याच परंपरेत पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांचे कथन आहे की पैगंबरांनी स्त्रीवर किंवा सेवकावर कधीही हात उचलला नाही, आणि लहानपणापासून दहा वर्षे पैगंबरांच्या सेवेत राहिलेले हजरत अनस सांगतात की त्यांना पैगंबरांकडून कधी ‘उफ्’ एवढा नाराजीचा उद्गारही ऐकावा लागला नाही. चौदाव्या शतकातले इतिहासकार इब्न खल्दून यांनी तर, कठोरपणाने शिकवलेले मूल खोटे बोलायला आणि लपवायला शिकते, असे स्पष्ट लिहिले आहे. आमच्या मौलानांशी मी याच आधाराने बोललो आणि ते ऐकून घेतात, असा माझा अनुभव आहे. कायद्याची कलमे आधी पुढे केली असती, तर त्यांनी दार लावून घेतले असते. तुमच्या भाच्याने विषय बदलला असे तुम्ही लिहिले आहे, तेवढे मात्र मनात राहिले.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ‘वसईकर’ यांचा प्रतिसाद वाचल्यावर माझ्या लक्षात आले की आम्ही घरात चार दिवस वाद घातला, पण ज्याच्या पोटऱ्यांवर वळ होते त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. काल त्याला घेऊन घाटावर गेलो आणि बऱ्याच वेळाने विचारले. त्याला पाठशाळा सोडायची नाही, दहा ग्रंथ पुरे करायचे आहेत, असे तो म्हणाला. छडी समोर असली की पुढची ऋचा येत असूनही आठवत नाही आणि म्हणून पुन्हा मार बसतो, असेही त्याने सांगितले. त्याच्या खोलीतला एक धाकटा मुलगा रात्री अंथरूण ओले करतो आणि त्याबद्दलही त्याला मारतात, हे त्याने सर्वांत शेवटी सांगितले, आणि माझे नाव गुरुजींना सांगू नका, असे दोनदा म्हणाला.

गौतम धर्मसूत्राचा तो भाग मी भावोजींना दाखवला. त्यांनी मूळ सूत्रे स्वतः काढून वाचली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. येत्या रविवारी ते आणि माझी बहीण पाठशाळेच्या विश्वस्तांना भेटणार आहेत, आणि बोलणे त्या धाकट्या मुलापासून सुरू करायचे असे ठरले आहे. विश्वस्तांनी ऐकले नाही तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे लेखी अर्ज द्यायचा, हेही भावोजींनीच सुचवले. त्या अर्जात मुलांची नावे न घालता काय आणि कसे लिहावे, हे ‘न्यायविचार’ यांनी सांगितल्यास मोठी मदत होईल.