मदत हवी आहे: आजोबांचा देवळालीचा लष्करी सरावाचा नकाशा कसा वाचायचा?

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण गेले तीन आठवडे डोकं खाणारी एक गोष्ट आहे, म्हणून धागा काढतोय.

आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफखान्यात होते. गनर म्हणून भरती झाले आणि पुढे टी.ए., म्हणजे टेक्निकल असिस्टंट झाले. १९४४ साली काही महिने ते देवळालीला प्रशिक्षणात होते. गावचं घर विकायच्या आधी माळा उपसला, तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत हा नकाशा सापडला. कापडावर चिकटवलेला आहे, रुंदी साधारण ८० सेंटिमीटर. मधोमध उभा सांधा असून दोन शीट जोडल्यासारखी वाटतात. उजव्या शीटच्या माथ्यावर '४७ ई/१३' आणि '१ इंच = १ मैल' एवढं वाचता येतं. सूचनांची खालची सगळी पट्टी वाळवीने खाल्ली आहे, खरी पंचाईत तीच.

देवळाली स्टेशन, दारणा नदी, भगूर हे सगळं ओळखू येतं. बहुला किल्ल्याचा डोंगर तर तपकिरी रेषांच्या दाटीमुळे लगेच डोळ्यात भरतो. या सगळ्यावर जांभळ्या चौकोनांची जाळी छापली आहे आणि त्यावर आजोबांची पेन्सिल. एका टेकाडावर छोटा गोल, शेजारी सहा आकडे. दुसऱ्या ठिकाणी फुलीतून पंख्यासारख्या चार-पाच रेषा निघतात आणि त्यांच्या पुढे मोठी कमान आहे. फुलीपासून कमानीपर्यंत पट्टी लावली तर १९.३ सेंटिमीटर भरतात.

मला शोधायचाय तो गोल. आजोबा म्हणायचे, "आम्ही टेकाडावर पालथे पडून गोळा कुठे पडला ते सांगायचो." ते टेकाड हेच असावं असं मनात बसलंय.

मी काय केलं ते सांगतो. कॉलेजात एनसीसीमध्ये मॅप रीडिंग शिकलो होतो, तेव्हाचे चौकोन एक किलोमीटरचे. तोच हिशोब धरून स्टेशनपासून नऊ चौकोन पश्चिमेला आणि चार दक्षिणेला मोजले आणि मोबाईलवर तेवढं अंतर घेतलं. बिंदू पडला ओढ्यात! कागदावर मात्र गोल अगदी टेकाडाच्या माथ्यावर आहे.

दुसरं म्हणजे, जाळीच्या उभ्या रेषा नकाशाच्या कडेला समांतर नाहीत. फूटभर वर गेलं की सेंटिमीटरभर डावीकडे कलतात. छपाई चुकली असेल म्हणावं, तर दोन्ही शीटांवर हेच. दहा चौकोन एकत्र मोजले तर १४.४ सेंटिमीटर भरतात, हेही माझ्या हिशोबात बसत नाही.

तर प्रश्न असे: जाळीचं नेमकं गणित काय आहे? कमान कशाची? आणि कागदाचं काय करू? घड्यांवर वडिलांनी कधीकाळी सेलोटेप मारली होती, ती आता पिवळी पडून कडक झाली आहे. फ्रेमवाला म्हणतो, लॅमिनेट करून टाका, शंभर वर्षं काही होत नाही. माझा हात काही धजत नाही.

प्रतिसाद (निवृत्त तोफची)

चौकोन यार्डांचे आहेत हो, किलोमीटरचे नव्हेत. तेव्हाच्या नकाशांवर हजार यार्डांची जाळी असे. एक इंचाला एक मैल, मैलाचे १७६० यार्ड, म्हणजे हजार यार्डांना १४.४ मिलिमीटर. तुमची पट्टी बरोबर आहे, किलोमीटरचा चौकोन असता तर १५.८ भरला असता. तुमचे नऊ चौकोन म्हणजे ८.२ किलोमीटर, पाऊण किलोमीटर तर तुम्ही इथेच पुढे गेलात.

आता कमान. १९.३ सेंटिमीटर म्हणजे ७.६ इंच, १७६० ने गुणा. १३,४०० यार्डांच्या आसपास येतं ना? ही २५ पौंडी तोफेची कमाल पल्ला-मर्यादा. हा आकडा आम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यायचा. फुली म्हणजे गन पोझिशन, तुमचा गोल बहुधा ओ.पी., म्हणजे गोळा कुठे पडला ते बघायची जागा. कमान गावांवरून जाते का बघा. जात असेल तर प्रत्यक्ष गोळाबारीचा संबंध नाही, वर्गात बसून केलेला कागदी सराव. टी.ए. लोकांना बेअरिंग (दिशेचा कोन) आणि पल्ला काढायचं शिक्षण असंच देत.

सहा आकडे वाचताना आधीचे तीन पूर्वेकडे सरकत, नंतरचे तीन उत्तरेकडे. त्यातून शंभर यार्डांपर्यंतची जागा मिळते, त्याहून बारीक नाही. तेव्हा टेकाडाचा नेमका दगड शोधत बसू नका.

प्रतिसाद (भूगोलाचा मास्तर)

तिरप्या रेषा ही चूक नाही, तीच खरी गंमत आहे. सर्वे ऑफ इंडियाने देशाचे पट्टे पाडून लॅम्बर्ट प्रक्षेपणावर (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची एक पद्धत) लष्करी जाळी बसवली होती. आपला पट्टा ३ ए. त्याचा मध्य १९ अंश उत्तर आणि ८० अंश पूर्व. जाळीचा उत्तर आणि खरा उत्तर हे दोन फक्त ८० अंशांच्या रेषेवर एकत्र येतात. देवळाली तिथून सहा अंशांहून जास्त पश्चिमेला, म्हणून जाळी डावीकडे साधारण दोन अंश कलते. फुटाला सेंटिमीटर म्हणजे बरोबर तेवढंच. एनसीसीत तीन उत्तर दिशा घोकून घेतात, त्यातला हा एक. होकायंत्राचा तिसरा.

मधला सांधा ७३ अंश ४५ मिनिटांच्या रेखांशाचा. एक इंची शीट पंधरा मिनिटांची असते, तेव्हा डावीकडची ४७ ई/९ असणार.

मोबाईलचा घोळ अजून थोडा राहील. जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणितावर आहेत, मोबाईल दुसऱ्यावर. आपल्याकडे शंभरएक मीटरचा फरक पडतो. आकडेमोड करत बसण्यापेक्षा स्कॅन क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि तेव्हापासून न हललेल्या सात-आठ जागांना टाचा: रेल्वेचे पूल, जुनी देवळं, त्रिकोणात ठिपका असलेली ट्रिग पॉइंटची, म्हणजे सर्वेक्षणाच्या मोजणी-खुणांची शिखरं. रस्त्यांचे फाटे घेऊ नका, ते सरकतात. दोन्ही शीट वेगवेगळी टाचा, चिकटवताना कापड ताणलं गेलेलं असतं.

प्रतिसाद (जुनी कागदपत्रं)

लॅमिनेशन अजिबात नको!! उष्णतेने प्लास्टिक कागदात मुरतं आणि परत निघत नाही. सेलोटेपही ओढू नका, ते काम कागद-संवर्धकाचं. तोवर घडी उलगडा, दोन आम्लरहित कागदांमध्ये सपाट ठेवा, वर वजन नको. फोटो काढताना फ्लॅश बंद, खिडकीशी ढगाळ उजेडात काढा.

धागाकर्ता

तोफची काका, मास्तर, सगळ्यांचे मनापासून आभार. यार्डांचं वाचलं आणि कपाळावर हात मारला. रात्री अकरा वाजता परत बसलो. पूल, दोन देवळं आणि शिखरं मिळून सात जागा टाचल्या. बिंदू ओढ्यातून उठून टेकाडावर गेला. माथ्यावर नाही, जरा अलीकडच्या उतारावर, पण शंभर यार्डांच्या हिशोबात बसतो. बायकोला उठवून दाखवलं, ती म्हणाली, "बरं झालं, आता झोपा."

कमान लहवित आणि आणखी दोन गावांवरून जाते. म्हणजे काका, सराव कागदीच. आजोबांचं पालथं पडणं या नकाशातलं नसून दुसऱ्या कुठल्या दिवसाचं असणार. थोडा हिरमुसलो, खोटं कशाला बोलू.

टेकाड फायरिंग रेंजमध्ये येतं, त्यामुळे परवानगीशिवाय जायचं नाही हे मलाही कळतं. बहुलाला गेलेल्या ट्रेकर मंडळींनी सांगावं: परवानगी कुठे मागता, आणि गोळीबार नसल्याचा दिवस आधी कळतो का? पूर्ण नकाशाचा फोटो इथे टाकत नाही. जुना असला तरी लष्कराची हद्द आजही तीच आहे. फक्त कमानीचा कोपरा टाकतो.

आणि नाशिकमध्ये ८० सेंटिमीटर रुंद कागद रोलरमधून न ओढता, सपाट ठेवून स्कॅन करणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फ्रेमवाल्याला मी नाही म्हणून सांगून आलोय.